उत्तर: ६ भिंगं, ५ गट म्हणजे नक्की काय?

कॅमेऱ्याच्या लेन्सच्या माहितीत '६ भिंगं, ५ गट' असं दिलेलं असतं, त्याबद्दल हा प्रश्न. कुणीतरी ६ आणि ५ ची बेरीज करून अशा लेन्समध्ये ११ काचा असतात असं लिहिलंय. तसं नाही हो. काचा सहाच. त्यातल्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या असतात, म्हणून ती जोडी एक गट धरायची. बाकीच्या चार सुट्या, त्यांचा प्रत्येकी एक गट. झाले पाच.

एकाच अक्षावर बसवून मिळून काम करणाऱ्या भिंगांना संयुक्त भिंग म्हणतात. दोनांचं डब्लेट, तिघांचं ट्रिप्लेट. पण गट मोजताना खरा फरक चिकटवलेलं की मध्ये हवा सोडलेलं, हा. रंगदोष घालवणाऱ्या डब्लेटमध्ये क्राउन काचेचं बहिर्वक्र आणि फ्लिंट या दुसऱ्या प्रकारच्या काचेचं अंतर्वक्र भिंग असतं. एकानं फाकवलेले रंग दुसरं परत जवळ आणतं. जॉन डॉलंड या इंग्रज भिंगकारानं याचं पेटंट १७५८ साली घेतलं. १९०२ च्या टेसार या कॅमेरा लेन्समध्ये ४ भिंगं, ३ गट.

पूर्वी चिकटवायला कॅनडा बाल्सम, म्हणजे झाडाचा पारदर्शक डिंक, वापरत. खानापूरला आमच्या काकांच्या स्टुडिओतली जुनी लेन्स मी उघडली तेव्हा काठाशी तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले. मला बुरशी वाटली. बेळगावच्या एका दुरुस्तीवाल्यानं तीच समजून पुसपुस पुसली, पैसेही घेतले! सुटला होता तो बाल्सम, दोन काचांच्या मध्ये. फडकं तिथं पोचणार कसं?

न उघडता गट मोजायचे तर अंधारात लेन्सवर टॉर्च मारा. काच-हवेच्या प्रत्येक पृष्ठभागाचा ठळक ठिपका दिसतो, चिकटवलेल्या जागी अगदी फिका. टेसारला सहा ठळक, म्हणजे गटाला दोन धरून तीन गट, आणि एक फिका.