फणसोंबा: आंबा, ओंबी की आळंबं?

बाळाच्या तोंडातून फार लाळ गळायला लागली की आमची आजी म्हणायची, ‘फणसोंबा उगाळा थोडा.’ तिच्या डब्यात खुराच्या आकाराचा, वरून काळपट आणि भेगाळलेला एक तुकडा असायचा. लाकडासारखा टणक. सहाणेवर चार थेंब पाणी घालून उगाळला की चंदनासारखी पण गडद तपकिरी उटी निघायची. ती बोटाने बाळाच्या हिरड्यांना आणि गालाच्या आतून लावायची. फणसाच्या झाडावर येतो एवढं तिने सांगितलं होतं. पण या शब्दाची फोड काय? फणस + आंबा? की गव्हाची असते तशी ओंबी?

—

आंबाही नाही आणि ओंबीही नाही. माझ्या मते फणस + आळंबं. ‘फणसआळंबं’ असं पूर्ण रूपही ऐकायला मिळतं. भराभर बोलताना ‘ळ’ गळला आणि ‘ओंबा’ उरलं. कोकणात आणि गोव्यात अळंबीला अळमी, ओळमी म्हणतात, म्हणजे सुरुवातीचा अ तिथेही ओ होतो. आणि वस्तूही तीच सांगते: तुमच्या आजीच्या डब्यात होतं ते फळ नव्हे, खोडाला आडवं, फळीसारखं चिकटून वाढणारं कवक. फेलिनस प्रजातीतलं. पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य यांनी आपल्याकडच्या औषधी कवकांवर काम केलं, त्यात फणसोंबाही आहे. फणसोंबा म्हणून जे विकलं जातं ते दरवेळी एकाच जातीचं नसतं, हे लक्षात ठेवायला हवं. बाळासाठी वापरायचं तर एखाद्या आयुर्वेदिक वैद्याला दाखवूनच.

—

या वस्तूला सर्वसाधारण मराठी नाव काय? ‘भूछत्र’ चालेल का?

—

नाही चालणार. भू म्हणजे जमीन आणि छत्र म्हणजे छत्री. हे जमिनीतून उगवत नाही, त्याला दांडाही नसतो आणि छत्रीच्या पोटाशी असतात तशा पापुद्र्यांच्या चुण्याही नसतात. फणसोंब्याचं पोट उलटं करून उन्हात धरा: टाचणीच्या टोकाहून बारीक, हजारो भोकं दिसतील. बीजाणू त्या नळ्यांतून गळतात. हे कवक बारमाही असतं, नळ्यांचा नवा थर जुन्या थराखाली चढतो. ‘बुरशी’ म्हटलं की शिळी भाकरी डोळ्यांपुढे येते. ‘अळंबी’ म्हटलं की पहिल्या पावसानंतरचं कालवण. ‘कवक’ बरोबर आहे, पण ते पाठ्यपुस्तकातलं. मी तरी ‘झाडाचं आळंबं’ असंच म्हणतो, कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

—

युरोपात यातल्याच एका कवकाचा उपयोग विस्तवासाठी व्हायचा ना?

—

हो, आणि तिथे शब्दच विस्तवावरून पडले. बर्च आणि बीचच्या खोडांवर येणाऱ्या त्या कवकाला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली जे जातिनाम दिलं, ‘फोमेंटारियस’, त्याचा संबंध लॅटिन ‘फोमेस’शी आहे, म्हणजे ठिणगी धरणारा भुसा. आपल्या चकमकीचा कापूस समजा. त्याची वरची कवची आणि खालच्या नळ्या कापून टाकायच्या, मधला मऊ गर भिजवून मोगरीने बडवायचा, मग सोऱ्याच्या पाण्यात उकळून वाळवायचा. हाताला साबरासारखा लागतो. ठिणगी पडली की ज्वाला न होता धुमसत राहतो.

फ्रेंचमध्ये या तयार मालाला ‘आमादू’ म्हणतात. मूळ दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हांस भागातला शब्द, अर्थ ‘प्रियकर’: चटकन पेट घेतो म्हणून! मला हे नाव फार आवडतं. न्हावी आणि शल्यवैद्य हाच आमादू जखमेवर दाबून रक्त थांबवत. रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हानियामध्ये कोरोंड गावात आजही त्याच्या टोप्या बनतात.

1991 साली आल्प्समध्ये सुमारे 3,210 मीटर उंचीवर बर्फात सापडलेल्या, साधारण 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कंबरेच्या बटव्यात हेच कवक होतं, त्यावर पायराइटचे, म्हणजे ठिणगी पाडायच्या दगडाचे, कण होते. शिवाय बर्चवर येणाऱ्या दुसऱ्या एका कवकाचे दोन तुकडे त्याने कातडी वादीत ओवून घेतले होते. ते बहुधा औषधासाठी असावेत, असं अभ्यासक मानतात.

त्यांनी नाव दिलं कामावरून, आपण झाडावरून. आपल्याकडे उगाळणाऱ्याला ते कुठल्या झाडाचं हे आधी कळायला हवं होतं.

—

फोड पटली, पण एक अडतंय. आळंबं नपुंसकलिंगी, मग फणसोंबा पुल्लिंगी कसा?

—

चांगला मुद्दा. शेवटी ‘ओंबा’ उरल्यावर कानाला तो ‘आंबा’सारखाच लागतो, आणि लिंग त्या ओढीने बदललं असावं. म्हणजे आंबा फोडीत नसला तरी कानात आहेच. तुमची आजी काय म्हणायची, ‘तो’ की ‘ते’?

—

‘तो’. ‘तो डब्यातला फणसोंबा आण बघू, आणि सहाण धुऊन आण.’