गुडघेबदल: कंप्युटर लागतोच का?

उंबरठा: आईचे दोन्ही गुडघे पार झिजलेत, वय ६८. एक सर्जन म्हणतात नेहमीच्या पद्धतीने करू. दुसरे म्हणतात कंप्युटर नॅव्हिगेशननेच करा, अचूक होतं. आठवडाभर वाचून माझं मत असं झालंय की अचूकता खरी आहे, पण पेशंटला तिचा फायदा किती, हे कोणी धड सांगत नाही. १९९७ पासून हे तंत्र वापरात आहे. इतकं निर्विवाद असतं तर जुनी पद्धत एव्हाना अडगळीत गेली असती. बोला.

मोजपट्टी: साफ असहमत. जुन्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालतात आणि तिच्या आधाराने कापायचा कोन धरतात. सळई जराशी कलली की कापही कलला. नॅव्हिगेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत पिना रोवून त्यांवर ट्रॅकर लावतात. पाय खुब्यातून गोल फिरवला की कॅमेऱ्याच्या मदतीने कंप्युटर खुब्याचा मध्य शोधून काढतो. २००७ साली बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. खुब्यापासून घोट्यापर्यंतची पायाची रेघ ३ अंशांहून जास्त चुकलेले गुडघे जुन्या पद्धतीत सुमारे ३२ टक्के होते, नॅव्हिगेशनमध्ये ९. तुमच्या आईचा गुडघा कुठल्या गटात हवाय?

ओटीकर: पण ही ३ अंशांची लक्ष्मणरेषा आखली कोणी? मेयो क्लिनिकने ३९८ गुडघे १५ वर्षांच्या हिशेबाने तपासले, निष्कर्ष २०१० मध्ये आला. रेषेच्या आतले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले, असं काही दिसलं नाही. कोरियातला २०१२ चा अभ्यास तर मला फार आवडतो. ५२० पेशंट, प्रत्येकाचा एक गुडघा कंप्युटरने, दुसरा हाताने. माणूस तोच, वजन तेच, चाल तीच. दहाएक वर्षांनी दोन्ही गुडघे सारखेच! वर पिनांची भोकं पडतात, आणि क्वचित तिथेच हाड मोडतं.

मोजपट्टी: ऑस्ट्रेलियात सांधेबदलाच्या ऑपरेशनांची देशभरची नोंदवही ठेवतात, ती सोयीस्कर विसरलात. ६५ च्या आतल्यांत ९ वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागलेले जुन्या पद्धतीत ७.८ टक्के, नॅव्हिगेशनमध्ये ६.३.

उंबरठा: आई ६८ ची आहे हो.

मोजपट्टी: मग काय, पासष्टीला हाडाचे नियम बदलतात?

ओटीकर: हाडाचे नाही, वापराचे. तरुण पेशंट सांधा जास्त आणि जास्त वर्षं राबवतो, म्हणून तिथे दीड टक्क्याचा फरक दिसतो. आणि नोंदवहीत कुणाला कुठली पद्धत हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसतं, म्हणजे दोन्ही गटांतले पेशंट सारखेच असतील असं नाही.

चालतीबोलती: मी फिजिओ. माझ्याकडे आलेला एकही पेशंट 'माझे अंश किती' असं विचारत नाही. विचारतो, जिना कधी चढेन. एक्स-रेत सरळसोट पाय आणि आत लिगामेंट (हाडं जोडणारे पट्टे) घट्ट, असे गुडघे मी रोज वाकवते. कंप्युटर दोन हाडांमधल्या फटीचं मापही देतो, मान्य; पण किती सैल करायचं ते सर्जनच ठरवतो. दर पाचांत एखादा पेशंट ऑपरेशननंतरही पूर्ण समाधानी नसतो. आकडा जुनाच आहे, यंत्रं नवी आली तरी फारसा हललेला नाही. (रोबो यात घुसडू नका कोणी, तो वेगळा विषय आहे.)

जुनाप्लेट: मांडीचं हाड आधी मोडून वाकडं जुळलेलं असेल किंवा आत प्लेट असेल तर सळई जाणारच कुठून? बाबांचं तेच होतं. तिथे नॅव्हिगेशनने खरंच सुटका केली.

उंबरठा: हे मूळ धाग्यात यायला हवं होतं, मान्य. आईचं हाड सरळ आहे. पहिले सर्जन वर्षानुवर्षं नेहमीच्या पद्धतीने गुडघे करतायत, माझा कल तिकडेच. आज आईलाच विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही एकदम करणार की आधी एक, ते विचार."

मोजपट्टी: काकूंनी मुद्द्याचं विचारलं! एकदम करायचे तर दोन्ही मांड्यांत सळया, म्हणजे मज्जेतली चरबी रक्तात दुप्पट. नॅव्हिगेशनमध्ये पोकळी उघडतच नाहीत.

ओटीकर: चरबी कमी जाते, खरंय. पण त्यासाठी कंप्युटरच कशाला? एक गुडघा आधी करा, दुसरा काही महिन्यांनी.

मोजपट्टी: म्हणजे भूल दोनदा, व्यायामाचे हाल दोनदा. ते काकूंना विचारलंत?