ओपनएसएसएलचा घरचा फोर्क सांभाळायचा की सोडून द्यायचा?

अंबडकर:
आमची छोटी कंपनी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, कारखान्यांसाठी गेटवे (मशीन नेटवर्कला जोडणारे डबे) बनवतो. २०१९ ला ओपनएसएसएल, म्हणजे एन्क्रिप्शनची फुकट लायब्ररी, तिच्या १.१.१ चा फोर्क मारला, म्हणजे कोडची स्वतःची वेगळी प्रत काढली, कारण सिक्युरिटी चिपचं इंजिन (चिप लायब्ररीला जोडणारा कोड) आत घालायचं होतं आणि मेमरी कमी म्हणून बरंच कापाकापी केली. तेव्हा लई भारी वाटलं. आता १.१.१ चा फुकटचा सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ लाच संपला, ३.० पासून इंजिन जुनं ठरवून त्याच्या जागी प्रोव्हायडर आणलेत, ज्या पोराने फोर्क केला तो गेला पुण्याला, आणि दर सीव्हीईला (जाहीर झालेल्या सिक्युरिटी बगला) मी एकटा बसून पॅच जुन्या कोडला चिकटवतोय. माझं स्पष्ट मत, क्रिप्टोचा घरचा फोर्क छोट्या कंपनीने करूच नये.

सातपूरचा जुना:
अजिबात पटलं नाही. नोव्हेंबर २०२२ आठवा, ३.० मधला मोठा बग बुजवणारं ३.०.७ यायच्या आधी आठवडाभर सगळीकडे बोंबाबोंब, १.१.१ वाल्यांना त्या बगचा काही त्रासच नव्हता, आम्ही निवांत चहा पीत होतो. हार्टब्लीड या गाजलेल्या बगचंही तेच, तो १.०.१ मध्ये हार्टबीट (कनेक्शन जिवंत आहे का बघणारी सोय) सोबत घुसला, ज्यांनी हार्टबीट काढून टाकलं होतं ते वाचले. जे वापरत नाही ते कोडमध्ये ठेवायचंच कशाला?

कॉलेजरोड:
अहो भाऊ पण हार्टबीट काढायला फोर्क कशाला, कंपाइल करताना एक फ्लॅग दिला की काम झालं! कोडला हात लावला की काय होतं ते डेबियन लिनक्सवाल्यांनी दाखवलंय. २००६ ला वॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) कुरकुर करतंय म्हणून ओपनएसएसएलच्या दोन ओळी कमेंट करून बंद केल्या, विचारून केल्या बरं का, आणि किल्ल्या बनवायला रँडमनेस उरला फक्त प्रोसेस आयडीचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ पर्यंत कोणाला पत्ता नाही. टेस्ट सगळ्या पास, किल्ल्या तयार होतात, कनेक्शन लागतं, सगळं हिरवंगार. क्रिप्टोत चूक झाली तरी प्रोग्राम पडत नाही हो, हीच भीती आहे.

सातपूरचा जुना:
डेबियनचं सगळेच काढतात. मग गुगलने २०१४ ला ओपनएसएसएलचाच फोर्क मारून बोरिंगएसएसएल काढलं ते? ओपनबीएसडी ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तसंच लिब्रेएसएसएल काढलं ते?

कॉलेजरोड:
गुगलकडे सत्तरच्या वर पॅच साठले होते आणि ते सांभाळायला माणसंही होती. आणि बोरिंगएसएसएलवाले स्वतःच लिहून ठेवतात की बाहेरच्यांनी यावर अवलंबून राहू नका. तुमच्याकडे कोण आहे, अंबडकर आणि अर्धा इंटर्न?

दिंडोरीची द्राक्षं:
मी आयटीत पण घरी बाग आहे म्हणून सांगतो. बाग लावायला कोणीपण लावतं. रात्री पाऊस झाला की सकाळी डावणी रोगाचा स्प्रे मारावाच लागतो, मग घरात लग्न असो नाहीतर काही असो. सीव्हीई म्हणजे तोच रात्रीचा पाऊस. अंबडकर दादा एक विचारतो, तुम्ही ताप आला म्हणून आठ दिवस पडलात तर स्प्रे कोण मारणार?

अंबडकर:
कोणी नाही. तेच तर रडणं आहे. म्हणून म्हणतोय की चिपचा कोड लायब्ररीच्या बाहेर काढून वेगळा प्रोव्हायडर लिहायचा, लायब्ररी जशीच्या तशी ३.५ घ्यायची, तिला २०३० पर्यंत सपोर्ट आहे.

सातपूरचा जुना:
हे चालेल. पण फील्डमधल्या जुन्या गेटवेंचं काय, मेमरीत मावेल का ३.५? त्यांच्यासाठी फोर्क ठेवावाच लागणार ना, मग सुटका कसली.

अंबडकर:
नको ते भाग गाळणारे नो-इंजिन, नो-डीटीएलएस वगैरे फ्लॅग लावून बघतोय, परवा एका बोर्डावर बसलं, दुसऱ्यावर नाही. जिथे बसत नाही त्यांच्यासाठी पैसे मोजून १.१.१ चा एक्स्टेंडेड सपोर्ट घ्या म्हणून साहेबांना मेल टाकला. साहेब म्हणाले सिंहस्थ होऊ दे, मग बघू.