बँडसॉच्या पात्याचा ताण मोजून ठरवावा की कापावरून?

गुण्या (चर्चाप्रस्ताव)

बँडसॉवर, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पट्टीसारख्या पात्याच्या करवतीवर, जाड सागवान उभे फाडताना काप वाकडा जाऊन फळीला मध्येच पोट आले की आपण लगेच ताणाला दोष देतो. परंतु तो ताण नेमका किती होता असे विचारले, तर बहुतेक जण यंत्रावरच्या मोजपट्टीकडे बोट दाखवतात. ती पट्टी वरच्या चाकाला उचलून धरणारी स्प्रिंग किती दबली आहे एवढेच सांगते आणि तिच्यावरच्या खुणा केवळ पात्याच्या रुंदीनुसार असतात. म्हणून 12 मिमी रुंदीची दोन पाती, एक 0.5 मिमी व दुसरे 0.65 मिमी जाडीचे, एकाच खुणेवर लावली, तर जाड पात्यातला ताण जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी भरतो.

माझे आग्रहाचे मत असे, की ताण पात्याच्या लांबीत पडणाऱ्या फरकावरून मोजावा. पाते जेमतेम सरळ झाले असताना 300 मिमीच्या व्हर्नियर कॅलिपरचे दोन्ही जबडे, मधले अंतर 200 मिमी ठेवून, लहान क्लॅम्पांनी पात्याला पकडावेत, सरकत्या जबड्याचा स्क्रू ढिला सोडावा आणि मग ताण देत जावे. अंतर 0.1 मिमीने वाढले, म्हणजे ताण सुमारे 100 न्यूटन प्रति चौरस मिमी झाला. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला 100 ते 140, तर बायमेटल पात्याला (लवचीक पाठीला अधिक कठीण पोलादाचे दाते जोडलेल्या) साधारण 170 ते 200 एवढा ताण सुचवला जातो.

रंधा

मी या प्रस्तावाशी सहमत नाही. व्हर्नियरवर 0.02 मिमीपेक्षा बारीक वाचता येत नाही. म्हणजे एका खुणेची चूक झाली, की आपल्याच हिशेबाने 20 न्यूटनांचा फरक पडला. शिवाय पाते 'जेमतेम सरळ' कधी झाले हे अखेर डोळ्यांनीच ठरवायचे असेल, तर शून्यच पक्के नसलेल्या मापावर इतका विश्वास का ठेवावा?

त्याहून गंभीर बाब चाकाची आहे. 355 मिमी व्यासाच्या चाकावरून 0.5 मिमी जाडीचे पाते वळते, तेव्हा केवळ वाकण्यामुळे त्याच्या बाहेरच्या अंगावर सुमारे 290 न्यूटन प्रति चौरस मिमी ताण येतो, आणि तो प्रत्येक फेरीत दोनदा येतो व जातो. दात्यांमधल्या खाचेत तडा जातो तो या येण्याजाण्याने. त्यावर कागदावरचे 200 चढवायला गेलात, तर लहान यंत्राची चौकटच वाकू लागते आणि चाके एका रेषेत राहत नाहीत. मी पात्याला आधार देणारे वरचे गाईड मेजापासून 150 मिमी उंच ठेवतो, यंत्र बंद असताना पात्याला बोटाने बाजूने दाबतो आणि ते 6 मिमीच्या आसपास सरकले की थांबतो. मग यंत्राची दारे लावून ते चालू करतो आणि पाते फडफडत नाही ना ते पाहतो. फळीला पोट येते ते पुष्कळदा दाते बोथट झाल्यामुळे किंवा लाकूड घाईने लोटल्यामुळे खाचा भुशाने भरून. अशा वेळी ताण वाढवणे हा उपायच नव्हे.

पटाशी

आपण दोघेही थंड पात्याविषयी बोलत आहात. पाते कापताना तापते, आणि चाकांमधले अंतर पक्के असेल तर दर अंश सेल्सिअसला सुमारे 2.4 न्यूटन प्रति चौरस मिमी ताण कमी होतो. वीस अंशांत जवळजवळ 50 गेले. ही घट भरून काढते ती स्प्रिंग, आणि मोठ्या सॉमिलमध्ये वजनाचा तरफदांडा किंवा हायड्रॉलिक. वरचे चाक जिच्यावर खाली-वर होते ती सरक भुसा आणि राळ बसून अडकली असेल, तर सकाळी घेतलेले माप दुपारी निरर्थक ठरते. म्हणून आधी ती सरक साफ करावी. संध्याकाळी ताण उतरवावा, नाहीतर निवणारे पाते आकसून चाकांवरचा भार वाढवते आणि चाकांवर चढवलेले रबर एकाच जागी दबून राहते.

गुण्या

पटाशी यांची सूचना पूर्णपणे मान्य. रंधा यांना मात्र असे विचारावेसे वाटते, की 6 मिमी सरकले हे खरे, पण किती जोराने दाबल्यावर? बोटाचा जोर माणसागणिक बदलतो. फडफडीची परीक्षाही रिकाम्या चालीची आहे. 6 मिमी रुंदीच्या पात्याने वळणे कापताना ती पुरते, पण 200 मिमी उंचीचे लाकूड फाडताना पात्यावर मागे लोटणारा जो भार येतो, तो त्या परीक्षेत कुठेच नसतो. 20 न्यूटनांची चूक मला मान्य आहे, कारण मोजपट्टीच्या भरवशावर याहून मोठी चूक होते. चौकट वाकते हेही बरोबर. म्हणूनच लहान यंत्रावर बायमेटल पात्याचा आग्रह न धरता पातळ कार्बन पाते घ्यावे आणि त्याला 100 पर्यंत तरी न्यावे. प्रत्येक जातीच्या पात्याचे माप एकदा घेऊन त्याची खूण मोजपट्टीवर स्वतः करावी. मग रोज कॅलिपर लावावा लागत नाही.

रंधा

खूण करण्याची पद्धत मी स्वीकारतो, पण एका अटीवर: ती नव्या, धारदार पात्यावर केलेली असावी आणि स्प्रिंग बदलली की पुसून पुन्हा करावी. बोटाच्या जोराचा आक्षेप मला पटत नाही, कारण एका यंत्रावर एकच मिस्त्री वर्षानुवर्षे काम करतो आणि त्याचा जोर ठरलेला असतो. जिथे रोज माणूस बदलतो, तिथे कॅलिपर वापरावा.