गाडीच्या सॉफ्टवेअरचा दोष: मालकाला विचारायचं की थेट दुरुस्त करायचं?

वाटसरू:
सॉफ्टवेअरमधला दोष जिवावर बेतणारा असेल, तर दुरुस्ती मालकाच्या होकारासाठी अडू नये. २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केलं. सॉफ्टवेअरमुळे हायब्रिड यंत्रणेतले ट्रान्झिस्टर जास्त तापून गाडी चालता चालता बंद पडू शकत होती. दुरुस्ती फुकट, पण वेळ काढून सर्व्हिस सेंटरला जायचं मालकाने. पत्र येतं, कुठेतरी पडून राहतं, गाडी विकली जाते, नव्या मालकाला पत्ताच नसतो. आता हवेतून, म्हणजे थेट इंटरनेटवरून गाडीत अपडेट पाठवता येतं, तर 'नंतर करा' हे बटण कशाला? त्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणाऱ्याने जोखमीला होकार दिलेला नसतो.

सडेतोड:
अजिबात पटलं नाही. २०१९ मध्ये टेस्लाने काही मॉडेल एस गाड्यांवर बॅटरीच्या सुरक्षेसाठी म्हणून अपडेट टाकलं आणि बॅटरीचं कमाल व्होल्टेजच घटवलं, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी कमी धावणार. मालक कोर्टात गेले, २०२१ मध्ये १५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पैसे मोजून घेतलेली गोष्ट रातोरात कमी होते आणि मालकाला ते गाडी चालवताना कळतं! नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीकडून अपडेटची चुकीची आवृत्ती गेली, मधल्या स्क्रीन बंद पडल्या. तेव्हा निदान सगळ्यांनी ते लगेच टाकलं नव्हतं. 'नंतर करा' ही कधीकधी ढाल असते.

पाना_स्क्रू:
वर्कशॉपमधून लिहितोय. सगळं हवेतून होत नाही. बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, केबल लावूनच फ्लॅश करावं लागतं, म्हणजे त्यात नवं सॉफ्टवेअर लिहावं लागतं, आणि तेव्हा आम्ही बॅटरीला बाहेरून सप्लाय देतो. मध्येच व्होल्टेज पडलं, लिहिणं अर्धवट राहिलं, तर युनिट उठत नाही. मग गाडी जागची हलत नाही. त्यामुळे गाडी उभी आहे का, बॅटरी पुरेशी आहे का, हे तपासल्याशिवाय जबरदस्तीचं अपडेट नको.

वाटसरू:
तपासणी हवीच, त्याला माझी ना नाही. पण डिसेंबर २०२३ चं टेस्लाचं रिकॉल बघा. चालकाचं लक्ष रस्त्यावर आहे का यावर ऑटोपायलट (चालकाला मदत करणारी टेस्लाची यंत्रणा) पुरेशी नजर ठेवत नाही म्हणून २० लाखांवर गाड्यांना अपडेट गेलं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने तो उपाय पुरेसा आहे का याचीच चौकशी सुरू केली. एक कारण असं की उपायाचा काही भाग मालकाने स्वतः निवडायचा होता, आणि चालकाला तो सहज मागेही फिरवता येत होता. याला दुरुस्ती म्हणायचं?

सडेतोड:
ही कंपनीच्या अर्धवट उपायाची गोष्ट झाली. त्यासाठी सगळ्या मालकांचा हक्क का काढायचा? काय बदलतंय, रेंज किंवा ताकद कमी होणार का, हे आधी लिहून द्या. मग मुदत घाला, मुदतीनंतर टाका.

सायली_म:
मला ही मुदतीची सूचना पटते, फक्त ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना मुदत नको. आणि जुनी गाडी घेणाऱ्यांनो, चेसिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा. काम झाल्यावर जॉबकार्डवर रिकॉलचा नंबर आणि सॉफ्टवेअरचं आधीचं व नंतरचं व्हर्जन लिहून घ्या. नुसत्या 'अपडेट केलं' वर सही करू नका.

पाना_स्क्रू:
व्हर्जन मागितलं तर आम्ही देतो. मागणारेच फार कमी.