प्रतिसाद: फक्त बेकारी नव्हे

'घरात खायला नाही म्हणून पोरं डंकी मार्गाने जातात' हे मत मला अर्धंच पटतं. (डंकी म्हणजे एजंटला पैसे देऊन, देशोदेशी लपतछपत अमेरिकेसारख्या देशात बेकायदा शिरण्याची वाट.) खरोखर काहीच नसलेल्याला एजंट दारात उभं करत नाही. पैसा येतो तो बहुतेकदा जमीन विकून नाहीतर गहाण टाकून, आणि म्हणूनच मुलाला अर्ध्या वाटेवरून परतता येत नाही.

शिवाय सगळेच पायी निघत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये अमिरातीतून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला चाललेलं चार्टर विमान मानवी तस्करीच्या संशयावरून फ्रान्समध्ये अडवलं गेलं. ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय. चार दिवसांनी २७६ जण मुंबईत परतले. त्या प्रवाशांत पालक सोबत नसलेली ११ अल्पवयीन मुलं होती! त्यांना विमानात बसवायला घरचे तयार कसे झाले, हे मला एजंटच्या लबाडीपेक्षा जास्त छळतं.