याशिका, कृष्णधवलचे दोन रोल आणि संभाजीनगरचे दोन दिवस

गोदाकाठची

नमस्कार. बाबांचा याशिका एफएक्स-३ सुपर २००० कपाटातून बाहेर काढलाय. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून तो रुमालात गुंडाळलेलाच होता. दोन नवे बटण सेल टाकले, तर उजेड मोजणाऱ्या मीटरचे दिवे लागले. शटरही सगळ्या वेगांना वाजतंय. इलफर्ड एचपी५ प्लसचे ४०० स्पीडचे दोन रोल मागवलेत, छत्तीस-छत्तीसचे.

पुढच्या शनिवार-रविवारी परभणीहून संभाजीनगरला मामेबहिणीकडं जातेय. मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, वेरूळ आणि जमलं तर अजिंठा असा बेत आहे. मी फिल्मवर आजवर एकही फोटो काढलेला नाही. एप्रिलच्या या उन्हात सेटिंग काय ठेवू? आणि रोल धुवायचा कुठं? घरी जमेल का?

जुना डार्करूमवाला, जालना

ताई, दहावीनंतर मामांच्या स्टुडिओत मी सात वर्षं रोल धुतले. उटीच्या कारखान्यातला इंदू रोल तेव्हा सर्रास मिळायचा. त्या अनुभवातून सांगतो.

आधी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून खाचेत बघा. तिथला काळा स्पंज इतक्या वर्षांत डांबरासारखा चिकट झालेला असतो आणि तिथून उजेड आत शिरतो. काडीला स्पिरिट लावून तो खरवडून काढा आणि खाचेत काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवा. स्पिरिट शटरच्या पडद्याला लागू देऊ नका.

अजिंठा या खेपेला सोडा. शंभर किलोमीटर जायचं, आत अंधार आणि फ्लॅशला बंदी. त्यात अर्धा दिवस जाईल. शनिवारचा रोल शहराला आणि रविवारचा वेरूळला ठेवा. दौलताबाद वेरूळच्याच वाटेवर आहे. चाँदमिनार खालून घ्या, किल्ल्यातल्या काळोख्या वाटेत, अंधारीत, मात्र फिल्म वाया घालवू नका.

आता मुख्य गोष्ट, मीटरची. तुमच्या कॅमेऱ्यात बघताना लाल अधिक, हिरवा गोल आणि लाल उणे असे तीन दिवे दिसतील. हिरवा लागला की सगळं बरोबर, असं वाटतं. पण समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच मीटर हिशेब करतो. मकबरा पांढरा. त्याच्यावर मीटर धरला तर तो उजेड कमी करायला लावतो आणि घुमट राखाडी, मळका येतो. दुसऱ्या दिवशी वेरूळचा काळा बसाल्ट. तिथं तोच मीटर उजेड वाढवायला सांगतो आणि काळा दगड फिका पडतो. एकाच सहलीत तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

म्हणून मीटरला भिंत दाखवू नका, आपला तळहात दाखवा. ज्या उजेडात इमारत उभी आहे त्याच उजेडात हात धरायचा, कॅमेरा जवळ नेऊन चौकट हातानं भरायची आणि हिरवा दिवा आणायचा. मग तिथून एक स्टॉप उघडायचा, म्हणजे उजेड दुप्पट करायचा, कारण तळहात करड्यापेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. म्हणजे शटर १/१००० सेकंद आणि भिंगाचं छिद्र एफ १६ वर असताना हिरवा लागला तर छिद्र तेच ठेवून १/५०० वर फोटो काढा. भर दुपारच्या उन्हात ४०० च्या रोलला उत्तर जवळपास हेच येतं. हे एकदा हातात बसलं की काळ्या-पांढऱ्याचा गोंधळच राहत नाही.

मकबऱ्याला सकाळी लवकर जा. तिथं खाली कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवर आहे, वर दगडावर चुन्याचा गिलावा आणि घुमट पुन्हा संगमरवरी. रंगीत फोटोत हे सगळं एकच पांढरं दिसतं. कृष्णधवलमध्ये तिरप्या उजेडात तीन वेगळे पांढरे दिसतात. हे बघायला मी पुन्हापुन्हा तिथं जातो. पिवळा फिल्टर मिळाला तर आभाळ जरा गडद येईल. तुमचा मीटर भिंगातूनच बघतो, त्यामुळं फिल्टर लावून मोजलं की वेगळा हिशेब नको.

वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी ती सावलीत असतात, ऊन आत यायला दुपार टळावी लागते. म्हणून दौलताबाद सकाळी करा आणि जेवून वेरूळला जा. कैलासाच्या चौकात सावलीतली शिल्पं घेताना हातही सावलीतच धरा.

उस्मानपुरा

काकांचं सगळं पटलं, फक्त धुण्याबद्दल मी सांगतो. रोल देताना ‘हा कृष्णधवल आहे, रंगीत केमिकलमध्ये टाकू नका’ असं तोंडी सांगा आणि डबीवर लिहूनही द्या. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याचा रोल एका लॅबनं रंगीतच्या मशीनमधून काढला. कृष्णधवलमध्ये चित्र चांदीचंच असतं आणि रंगीतचं ब्लीच आणि फिक्सर मिळून ती सगळी चांदी काढून टाकतात. हातात आली ती काचेसारखी कोरी पट्टी. आजीचा त्या दिवशीचा एकमेव फोटो त्यात होता.

जुना डार्करूमवाला, जालना

फार वाईट झालं.

ताई, घरी नक्की जमेल. अडचण फक्त उन्हाळ्याची आहे. केमिकल २० अंशाला हवं आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या पुढं असतं. मामा डेव्हलपरसाठी, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलसाठी, माठातलं पाणी वापरायचे. आपल्या कोरड्या हवेत माठ छान गार होतो. कमी पडलं तर बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करा. डेव्हलपर, हायपो म्हणजे फिक्सर, धुण्याचं पाणी सगळं जवळपास सारख्याच तापमानाचं ठेवा, नाहीतर फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुततो. शेवटची धुणी बोअरच्या पाण्यात नको, क्षारांचे डाग पडतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. आणि वाळवायला न्हाणीघरात टांगा, आधी भिंतींवर पाणी मारून, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते आणि फिल्मला चिकटत नाही.

गोदाकाठची

आले परत. शनिवारचा रोल काल माठाच्या पाण्यात धुतला. काका, तीन पांढरे दिसले! निगेटिव्ह खिडकीत धरून आई कितीतरी वेळ बघत होती. भडकल दरवाजाच्या कमानीखालून बाहेर येणारा सायकलवाला सगळ्यात छान आलाय.

पण वेरूळचं काही तरी चुकलं. ३६ नंतरही लिव्हर फिरतच राहिला. रिवाइंड करायला गेले तर काहीच जड लागेना. रात्री अंधार करून, वर रजई घेऊन झाकण उघडलं, तर फिल्म सगळी डबीतच, टोक तेवढं बाहेर. कैलासाचा एकही फोटो आला नाही का?

जुना डार्करूमवाला, जालना

नाही आला, ताई. टोक उजवीकडच्या रिळात नीट अडकलं नव्हतं, फिल्म पुढं सरकलीच नाही. पुढच्या वेळी रोल भरल्यावर डावीकडचा रिवाइंडचा खटका उलगडून हलक्या हातानं फिरवा आणि फिल्मची ढिलाई काढा. मग लिव्हर ओढताना तो खटका आपोआप गरगर फिरला पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म हलत नाही.

रोल मात्र कोराच आहे, टोकही बाहेर आहे. तोच भरा. पण मंगळवारी जाऊ नका, वेरूळ बंद असतं.

गोदाकाठची

रविवारी सकाळची गाडी धरते.